छातीत गुलाब

गावडोंगरीच्या उपकेंद्रात रेंज येते ती
फक्त मागच्या खिडकीत, काजूच्या बाजूला.
म्हणून टॅबलेट तिथे, रुग्णही तिथेच,
सलाईनच्या रिकाम्या खोक्यावर बसवलेला,
तोंड बाहेर,
जणू डॉक्टर काजूच्या झाडावर आहे.

मी दोडामार्गची. इथे कंत्राटी नर्स, सहावं वर्ष.
फॉर्म इंग्रजीत भरते, हिशेब मराठीत करते,
ओरडते कोकणीत.
पोर्टल बंद पडलं की जी शिवी निघते
ती कुठल्या भाषेतली, हे अजून ठरलेलं नाही.

सोमावती वेळीप आली मंगळवारी,
हाताला सुक्या मिरच्यांचा वास.
स्क्रीनवर डॉक्टर लिजी, बांबोळीहून,
मूळ कोट्टयमची, शांत, नेहमी अर्धा सेकंद मागे.
मध्ये ते नवं यंत्र:
तुम्ही तुमचं बोला, ते त्यांचं करून देईल.

सोमावती म्हणाली, हड्ड्यांत हुलपता गे बाय.
यंत्र गोल गोल फिरलं
आणि लिहिलं: छातीत गुलाब आहे.

डॉक्टरने चष्मा वर केला. काय आहे म्हणाल्या?
पुन्हा विचारलं. पुन्हा गुलाब.
तिसऱ्यांदा सोमावती बोललीच नाही.
मूठ वळली
आणि छातीच्या मधोमध ठेवली.

ती मूठ डॉक्टरने आणि मी एकदमच पाहिली,
अर्धा सेकंद सोडून.

हुलपता म्हणजे, मी ओरडले, होरपळतंय,
तव्यावर भाकरी विसरली की कडेने जसं...
वाक्य तिथेच राहिलं.
गोळी, चाव, गिळू नकोस. तारा. थंड जेली.
घामाने चिकटपट्टी बसेना.
कागदाचा फोटो, हात खिडकीबाहेर काढून पाठवला.
एक टिक.
एकच टिक.
काजूवर खार.
दोन.

गाडी काणकोणहून निघाली होती
आणि फॉर्ममध्ये एक रकाना लाल: मातृभाषा.
तो भरल्याशिवाय पुढे जात नाही.
यादीत कोकणी होती. पण सोमावतीच म्हणायची,
ती शाळेतली. आमची डोंगरावयली.
मी 'इतर' दाबलं.

पावसाआधी ती परत आली, हृदयात जाळी, तोंडात विडा.
मागोमाग विद्यापीठातून ग्लेनिस रिबेलो,
भुईमुगाच्या शेंगेएवढा माईक घेऊन.
दुखण्याचे शब्द गोळा करते, यंत्राला शिकवायला.
शब्दाला पाच रुपये, सही हवी.
सोमावतीने चाबता दिलं, घुंवता दिलं, कळ दिली,
नातवाच्या कानाचं एक कसलंसं ठणकणं दिलं
जे मीही ऐकलं नव्हतं.
हुलपता देईना.

आतां हुलपना, म्हणाली. कशें म्हणूं?
ग्लेनिसने समजावलं: नुसता शब्द म्हण, मावशी.
नुसतो?
सोमावतीने असं पाहिलं
जसं कुणी बिनआठळीचा फणस मागावा.

शेवटी मीच म्हटलं. तीनदा.
माझा ह जरा जड, दोडामार्गचा.
ग्लेनिसने डोळे मिटून ऐकलं, म्हणाली, चालेल.
पंधरा रुपये मी सोमावतीला दिले,
तिने मोजून पाच परत केले, का ते सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात यंत्र अपडेट झालं.
परवा खोतीगावचा एक म्हातारा खोक्यावर बसला,
खिडकीकडे तोंड करून तोच शब्द बोलला.
गोल फिरलं.
लिहिलं: छातीत जळजळ.

बरोबर आहे.
म्हणजे, जवळजवळ. जळजळ मिरचीनेही होते.
मी स्क्रीन सोडून
त्याच्या हाताकडे बघत राहिले,
मूठ वळते का.